हळू वल्हव

जुना सेल चिमट्यात आला आणि आपण काय करून बसलो ते त्याला त्याच क्षणी कळलं. बटणाएवढा, करडा, एका कडेला हिरवट बुरशी धरलेला सेल. असे सेल तो दिवसाला पंधरा-वीस काढतो. काढतो, उजव्या हाताशी ठेवलेल्या पत्र्याच्या डबीत टाकतो, खाच स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो आणि नवा बसवतो. सेल डबीत पडताना टिक असा एक आवाज होतो. बावीस वर्षं त्या आवाजावर त्याचं एकेक काम संपत आलं आहे. या वेळी तो आवाज झाला नाही, कारण चिमटा हवेतच थांबला होता. समोर काचेपलीकडे बसचालक बाई उभ्या होत्या. त्या आपल्या घड्याळाच्या पट्ट्यासाठी आल्या होत्या आणि पट्टा बदलून झाल्यावरही गेल्या नव्हत्या, कारण त्यांची आई गेल्या महिन्यापासून त्यांना स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागली होती, आणि ही गोष्ट सांगायला त्यांना दुसरी जागा नव्हती. तो ऐकत होता. कान त्यांच्याकडे आणि हात कामावर, ही त्याची रोजची वाटणी. हाताने आपलं काम चोख केलं होतं. बाबांनी शिकवलं तसं: जुना आधी बाहेर, मगच नवा. बाई मध्येच थांबल्या आणि काही झालं का म्हणाल्या. तो म्हणाला, काही नाही, तुम्ही बोला. त्या बोलत राहिल्या. काउंटरच्या काचेखाली त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: 'आधी दुसरा सेल बाजूने जोडणे. मग जुना काढणे.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. बाई गेल्यावर त्याने तो सेल पुन्हा जागेवर ठेवून पाहिला. काही उपयोग नाही हे ठाऊक असताना माणूस दोन-तीनदा खिसे चाचपतो, तसा.

चिमट्याखाली होतं ते घड्याळ नव्हतं. व्हिडिओ गेमची कॅसेट होती, काळ्या प्लास्टिकची, तळहाताएवढी. तिच्या पोटातल्या हिरव्या पट्टीवर एक सेल असतो. यंत्र बंद असलं तरी खेळ कुठवर आला आहे एवढं तो सेल लक्षात ठेवतो, वर्षानुवर्षं, बिनबोभाट. डोळ्याची पापणी लवेपर्यंत जरी तो दूर झाला तरी सगळं पुसलं जातं. त्या कॅसेटमध्ये एक होडी सत्तावीस वर्षं एका धक्क्यापासून चार हातांवर उभी होती. शुक्रवारी दुपारी साडेतीनपर्यंत उभी होती.

सोमवारी ताईचा निरोप आला होता. रविवारी येते आहे, आठ दिवस राहीन, आणि खाली नेहमीचं वाक्य: होडी आहे ना? ताई दूरच्या देशात एका रुग्णालयात परिचारिका आहे. ती अकरा वर्षांनी येत होती. फोन ठेवण्याआधी 'बरं' किंवा 'काळजी घे' म्हणावं तसं ती 'होडी आहे ना?' म्हणते, आणि तो 'आहे' म्हणतो. इतक्या वर्षांत दोघांनीही या प्रश्नोत्तराकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी ती पोचली होती, सुजलेल्या डोळ्यांनी चार दिवस राहिली आणि निघताना दारात तेच विचारलं, तेव्हा मात्र त्याला राग आला होता. घरात काय झालंय आणि हिला खेळण्याची पडलीय. आहे, असं त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं होतं. या सोमवारी मात्र त्याने माळ्यावरून जुना टीव्ही काढला, यंत्र जोडलं, कॅसेट घातली. होडी होती. तिच्यात बसलेली म्हातारी होती. समोर धुक्यात कंदील लावलेला धक्का होता. जीव भांड्यात पडावा आणि तिथेच थांबावं, तर तो घड्याळजी. त्याने कॅसेट उघडून सेलवर मीटर लावला. तीन व्होल्टच्या जागी दोनला थोडं वर. बायको म्हणाली, "सत्तावीस वर्षं टिकलाय ना? मग सहा दिवस टिकेल. रविवारी ताई बघतील, मग काय करायचं ते कर." बायको न्यायालयात टंकलेखिका आहे. लोक बोलतात ते ती दिवसभर जसंच्या तसं टंकते, त्यामुळे घरी आल्यावर मोजकं बोलते आणि ते बहुधा बरोबर असतं. त्याने तिला समजावलं की मरत आलेला सेल तसाच ठेवणं हे त्याच्या धंद्यात बसत नाही. ती म्हणाली, "तुला हात लावल्याशिवाय राहवत नाही, एवढंच म्हण."

तर हात लावून झाला होता. भुयारी रस्त्यातल्या दुकानात बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट बघत राहिला. शेजारच्या चावीवाल्याचं यंत्र मध्येच किंचाळायचं आणि थांबायचं. त्याला आश्चर्य वाटत होतं ते याचं, की छातीत धडधड होत नव्हती. तिथे एक गार पोकळी होती. लहानपणी डॉक्टर छातीवर नळी ठेवायचे तेव्हा त्या गोल जागेवर जो गारवा राहायचा, तितकीच, तेवढ्याच आकाराची. आठव्या वर्षी त्याला ताप आला होता. तो सांध्यांतून फिरून शेवटी हृदयात जाऊन बसला. वर्षभर पलंगावरून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पळणं नाही, जिने नाहीत, मोठ्याने रडणंसुद्धा नाही. आई एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती, पाचला यायची. बाबा दुकानात. ताई शाळेतून एकला यायची, दप्तर टाकायची आणि त्याच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसायची. ती चौदा वर्षांची होती. एक ते पाच एवढा वेळ तिने त्याला सांभाळायचं, असं ठरलं होतं, आणि आठ वर्षांच्या मुलाला जागचं हलू न देता सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पहिल्या महिन्यात पत्ते झाले, गोष्टी झाल्या, भिंतीवरच्या सावल्यांचे प्राणी झाले. मग एके दिवशी बाबांनी दुकानातून ते यंत्र आणलं.

यंत्र एका खलाशाचं होतं. तो घड्याळ दुरुस्तीला टाकून गेला होता आणि जाताना, बोटीवर ओलं होईल म्हणून, ही पिशवीही ठेवून गेला. परत आलाच नाही. बाबांचा नियम होता की न नेलेली वस्तू तीन वर्षं जपायची, पुसून, चिठ्ठी लावून. चौथ्या वर्षी ती आपली. ती तीन वर्षं नेमकी त्याच्या आजारपणाच्या दुसऱ्या महिन्यात संपली. निदान बाबा तसं म्हणाले. पुढे दुकान हातात आल्यावर त्याने जुनी वही काढून बघितली, तर खलाशाच्या नावापुढची तारीख यंत्र घरी आलं त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधीची होती. बाबांनी आयुष्यात मोडलेला हा बहुधा एकच नियम. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि वहीतलं ते पान बघून तोही कधी बोलला नाही.

पिशवीत एकच कॅसेट होती, आणि तिच्यातली भाषा त्या खलाशाची. काड्यापेटी सांडावी तशी अक्षरं. खेळ म्हणाल तर काहीच नव्हतं त्यात. एक मोठं तळं, त्यावर धुकं, काठाने लाकडी धक्के. तुम्ही होडीवाले. डावं बटण, उजवं बटण, डावं, उजवं, असं वल्हवायचं. एका धक्क्यावरून माणूस घ्यायचा, दुसऱ्यावर सोडायचा. वाटेत तो माणूस बोलायचा, म्हणजे खाली चौकटीत त्या काड्या उमटायच्या. मारामारी नाही, गुण नाहीत, हरणं नाही. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, काय म्हणतोय तो? ताईने चौकटीकडे बघितलं, जरा गप्प राहिली, आणि वाचायला लागली. रिकामा पिंजरा घेतलेला माणूस म्हणत होता की पक्षी उडाला नाही, पुढे गेलाय, घर बघून ठेवायला. लठ्ठ गृहस्थ पोटाशी भिंतीवरचं घड्याळ धरून बसले होते. ते म्हणत होते की हे घड्याळ दुपारी एक ते पाच फार जोरात पळतं, एका चांगल्या घड्याळजीकडे नेतोय. ओल्या बुटांची एक मुलगी म्हणत होती की मी चालत निघाले होते, तळं मध्ये आलं. ताईला ती भाषा येते याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. ताईला सगळंच यायचं.

आणि तिने त्याला एक गोष्ट शिकवली. होडी भराभर मारली की माणसं गप्प होतात. हळू वल्हवलं की जास्त बोलतात. ती चौकटीकडे बघत म्हणायची, "हळू वल्हव. तो आत्ता कुठे सांगायला लागलाय." मग त्याची बोटं बटणांवर सैल व्हायची. डावं, आणि थांब. उजवं, आणि थांब. पाण्यावर एक रेघ उमटायची आणि विरायची. तेवढ्यात ताईचा आवाज यायचा. त्या थांबण्यात त्याचा श्वास लांब व्हायचा, आणि छातीत जे एक फडफडत असायचं ते खाली बसायचं. हे औषधासारखं झालं असेल का, हे त्याला माहीत नाही. डॉक्टरांना विचारण्यासारखं ते नव्हतं. पण पुढे दुकानात बसायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याचे हात आपोआप सावकाश होतात. मागचं झाकण एका फिरकीत उघडणारं असलं तरी तो तीन फिरक्या घेतो. माणूस घड्याळाबद्दल बोलता बोलता ते कुणी दिलं त्यावर येतो, आणि मग जे सांगायचं असतं त्यावर. बाबांना हे पटायचं नाही. गिऱ्हाइकाचा वेळ आपल्या हाती दिलेला असतो, तो खायचा नाही, असं ते म्हणायचे. पण बाबांच्या वेळी लोक घड्याळ देऊन जायचे. आता ज्याला त्याला वेळ खिशातल्या फोनवर दिसतो. घड्याळ घेऊन जे येतात ते वेळ बघण्यासाठी येत नाहीत. बायकोने तर लग्नाला होकारच त्या काउंटरवर दिला होता. आईचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन ती आली होती आणि पाऊण तास बोलली होती. नंतर म्हणाली, की आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कुणी ऐकलं आणि लिहून घेतलं नाही. तेव्हा त्याने मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानले होते. कुणाचे, ते त्याला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. ताईचे, बाबांच्या मोडलेल्या नियमाचे, न परतलेल्या खलाशाचे. आणि कुठल्याशा खोलीत वाकून बसून ज्याने पाण्यावरची ती रेघ काढली आणि ती विरायला किती वेळ लागावा हे ठरवलं, त्या अनोळखी माणसाचेही.

म्हातारी मात्र वेगळी होती. झाकलेली टोपली घेऊन ती चौथ्या खेपेला होडीत बसली आणि उतरलीच नाही. दुसरी माणसं येत, बोलत, उतरत. ती मागच्या फळीवर बसून. प्रत्येक धक्क्यावर चौकट उमटायची आणि ताई वाचायची, "इथं नको गं बाई. अजून थोडं पुढे." एवढंच. त्याने एकदा विचारलं, टोपलीत काय आहे? ताई म्हणाली, ती सांगत नाही. तळ्याच्या अगदी टोकाला धुक्यात एक धक्का होता, त्यावर कंदील. बाकी कुठे कंदील नव्हता. होडी तिकडे वळली की संगीत बदलायचं, आणि ताई म्हणायची, फिरव, आधी या पिंजरेवाल्याला सोडू. मग पुन्हा पिंजरेवाला, पुन्हा घड्याळवाले गृहस्थ, पुन्हा ओल्या बुटांची मुलगी. दर खेपेला त्यांचं नवं काहीतरी. मुलीचं लग्न झालं, तिला मुलं झाली, बूट ओलेच. वर्ष गेलं. तो पलंगावरून उठला, शाळेत गेला, दोन इयत्ता मागे पडला. तरी रविवारी दुपारी ते दोघं होडी काढायचे. तो चौदा वर्षांचा झाला. ताई वीस. तिला दूर नोकरी लागली. ती निघाली त्या दिवशी बाबा दुकानात गेले आणि दिवसभर एकच घड्याळ उघडत आणि मिटत राहिले. जाण्याआधी तिने होडी कंदिलाच्या धक्क्यासमोर आणून उभी केली आणि त्याला म्हणाली, "ही माझ्याशिवाय धक्क्याला लावायची नाही. शपथ घे." त्याने घेतली. चौदाव्या वर्षी त्याला ते पोरकट वाटलं होतं, तरी घेतली.

शुक्रवारी घरी जाताना तो दोन थांबे आधी उतरून चालत गेला. सांगायचं कसं, हा प्रश्नच नव्हता. खोटं बोलायचे किती मार्ग आहेत, हा होता. टीव्ही बिघडला म्हणता येईल. यंत्र जळालं म्हणता येईल. आणि सगळ्यात साधं म्हणजे नवा सेल घालून, शनिवारभर बसून, खेळ पहिल्यापासून खेळून होडी पुन्हा तिथेच नेऊन उभी करता येईल. तोच धक्का, तीच म्हातारी, तेच धुकं. ताईला काय कळणार आहे? शनिवारी दुपारी त्याने यंत्र लावलंही. रिकामं तळं आलं. धक्क्यावर पिंजरेवाला उभा होता. तो होडीत बसला, चौकटीत काड्या उमटल्या, आणि त्याने बटणांचा रिमोट खाली ठेवला. लोक त्याच्याकडे जुन्या घड्याळाची केस आणतात आणि आत नवं यंत्र बसवून द्या म्हणतात. तो देतोही बसवून. पण ते वडिलांचं घड्याळ म्हणून मुलाला द्यायचंय असं कुणी म्हणालं की त्याचा हात आखडतो, तो म्हणतो, मग मुलाला तसं सांगा. त्याने यंत्र बंद केलं. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "सांगून टाक. न्यायालयात शेवटी सगळे सांगतातच. फक्त उशिरा सांगतात, आणि मग मला जास्त टंकावं लागतं."

रविवारी सकाळी ताई आली. केस पांढरे झाले होते आणि ते तिने लपवले नव्हते. तिचं चालणं रुग्णालयातल्या लांब बोळांचं झालं होतं, भराभर आणि बिनआवाजाचं. बायकोने बॅग घेतली, ताई, आधी बसा, चहा टाकते म्हणाली. ताई बसली नाही. खोलीच्या कोपऱ्यात जुना टीव्ही स्टुलावर होता, तिकडे बघून तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं की आता ते वाक्य येणार. ते येऊ न देता तो म्हणाला, "ताई, होडी गेली."

त्याने सगळं सांगितलं. मीटर, दोन व्होल्ट, चिठ्ठी, बसचालक बाई, त्यांची आई, चिमटा. अपघाताची नोंद करावी तसं सांगितलं, क्रमाने, स्वतःची बाजू न घेता. सांगताना त्याला दिसत होतं की ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो आहे. राग तो ओळखू शकला असता. हे दुसरं काहीतरी होतं. लहानपणी एकदा तो पलंगावरून उठून खिडकीपर्यंत गेला होता आणि ती अचानक दारात आली होती, तेव्हाचा हा चेहरा होता. ती दोन पावलं पुढे आली. तिने त्याचं डावं मनगट धरलं, घड्याळ वर सरकवलं आणि तीन बोटं नाडीवर ठेवली. दुसऱ्या हाताने तिने तेच घड्याळ आपल्याकडे वळवलं आणि सेकंदकाट्याकडे बघत राहिली. पूर्ण एक मिनिट. बायको चहाचे कप घेऊन आली आणि तिथेच थांबली. मग ताई म्हणाली, "चालू आहेस की रे." आणि खाली, बॅगेवरच बसली, आणि हसायला लागली. त्या हसण्यात मध्येच पाणी होतं. ते तिने बाहीने पुसलं, पुन्हा हसली.

मग ती बोलली. तो स्वयंपाकघरातून आणलेले रिकामे पेले पुन्हा पुसत होता. पुसलेलाच पेला तो सावकाश पुसत होता, आणि ती बोलत होती. डॉक्टर आईला जिन्यात सांगत होते ते तिने ऐकलं होतं. हे मूल हे वर्ष काढेल असं मी सांगू शकत नाही. आईला वाटलं कुणी ऐकलं नाही. ताई वरच्या पायरीवर होती, दप्तरासकट. तिने ते कुणालाच सांगितलं नाही. मग ते यंत्र आलं, आणि म्हातारी होडीत बसली, आणि तो कंदील. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की ही म्हातारी तिथे उतरली की संपलं. "काय संपलं ते मी स्वतःशीसुद्धा म्हणत नव्हते. पण उतरू द्यायची नाही, एवढं मला माहीत होतं. मी परिचारिका झाले रे. रोज माणसांच्या नाड्या बघते, औषधं देते, माणूस कशाने जातो ते मला कळतं. आणि तरी दर फोनला तुला होडी विचारत होते. बाबांच्या वेळीसुद्धा."

तो म्हणाला, बाबांच्या वेळी मला राग आला होता.

"यायलाच हवा होता," ताई म्हणाली.

चहा निवला होता, तो तिने तसाच घेतला. मग त्याला राहवलं नाही. तो म्हणाला की एक विचारतो, खरं सांग. ती भाषा तुला येत नव्हती, हे मला दहा-अकराव्या वर्षीच कळलं होतं, त्याचं काही नाही. पण हळू वल्हवलं की माणसं जास्त बोलतात, हे तरी खरं होतं ना? काय सांगावं आणि किती, अशा नजरेने ताईने त्याच्याकडे बघितलं. "अरे, चौकटीत त्याच दोन ओळी यायच्या," ती म्हणाली. "तू भराभर मारायचास आणि मला काही सुचायचंच नाही. पुढचं काय सांगू, याला वेळ लागायचा. म्हणून म्हणायचे, हळू वल्हव."

बायको हसली, आणि ती सहसा मोठ्याने हसत नाही. तोही हसला. पण आत कुठेतरी काहीतरी जागेवर बसल्याचा आवाज त्याने ऐकला. बावीस वर्षं त्याने हात सावकाश ठेवले होते. काउंटरपलीकडची शेकडो माणसं, त्यांच्या आया, त्यांची भांडणं, त्यांचे न लागलेले फोन. हे सगळं एका मुलीला पुढचं वाक्य सुचत नव्हतं म्हणून. हे खोटं निघालं असं म्हणावं, तर तसं वाटत नव्हतं. बसचालक बाई परवा शेवटी म्हणाल्या होत्या की आता आई त्या नावाने हाक मारेल तेव्हा मी ओ देईन. ते खोटं कसं असेल? त्याला वाटलं, आपल्याला जे मिळालं ते त्या कॅसेटमध्ये कधी नव्हतंच, आणि कॅसेट नसती तर ते मिळालंही नसतं. हे वाक्य त्याने तोंडाने म्हटलं नाही. जेवण झाल्यावर त्याने यंत्र लावलं आणि रिमोट ताईच्या हातात दिला.

ती म्हणाली, "मला आता त्यातलं काही आठवत नाही. पिंजरेवाला होता एक, एवढंच."

"तू वल्हव," तो म्हणाला, "मी वाचतो."

रिकाम्या तळ्यावर धुकं आलं. पिंजरेवाला बसला. तो वाचायला लागला. पक्षी उडाला नाही, पुढे गेलाय. घर बघून ठेवायला. ताई चकित होऊन त्याच्याकडे बघायला लागली, हे मी म्हटलं होतं? त्याला सगळं पाठ होतं, एकही काना-मात्रा न बदलता. लठ्ठ गृहस्थांचं घड्याळ, ओल्या बुटांची मुलगी, तिची मुलं. ताईच्या बोटांना सवय नव्हती, ती धडाधड बटणं दाबत होती आणि होडी वेडीवाकडी जात होती, आणि तो मध्ये मध्ये तिला सांगत होता, हळू. चौथ्या खेपेला म्हातारी आली, टोपली मांडीवर घेऊन मागच्या फळीवर बसली. इथं नको गं बाई, तो वाचत होता, अजून थोडं पुढे. बायको भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, आणि आपल्या बोटांची गुडघ्यावर नकळत टंकत असल्यासारखी हालचाल होते आहे, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. साडेचार वाजले. एका दुपारचा खेळ होता तो. ताईने तो सहा वर्षं पुरवला होता.

मग संगीत बदललं. ताईचे हात थांबले. समोर कंदील होता, चार हातांवर. तिने रिमोट त्याच्याकडे केला. त्याने घेतला नाही, फक्त तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. तिथे खूप जोरात चाललं होतं. तिने डावं बटण दाबलं. थांबली. उजवं. पाण्यावर रेघ उमटली आणि विरली. होडी धक्क्याला लागली तेव्हा लाकडावर लाकूड आपटल्याचा एक लहान आवाज झाला, टिक, एवढाच. म्हातारी उठली. ती धक्क्यावर उतरली, कंदिलाखाली टोपली ठेवली, आणि त्यांच्याकडे वळली. चौकटीत काड्या उमटायला लागल्या. एक ओळ, दुसरी ओळ, मग चौकट भरून गेली आणि कोपऱ्यात एक लहान त्रिकोण लुकलुकत राहिला, अजून आहे असं सांगत. हे त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. इथे पाठ काहीच नव्हतं.

"काय म्हणतेय रे ती?" ताईने विचारलं.

त्याने चौकटीकडे बघितलं. त्रिकोण लुकलुकत होता. त्याला घाई नव्हती.

"थांब," तो म्हणाला. "वाचतोय."